दीड अंश

१

बंद खोलीत बसलेला माणूस तासाभरात तिथली हवा किती तापवतो, हे सांगू शकणारी माणसं थोडीच. त्यांतला हा एक. लोकांची घरं उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम करून द्यायची, हा त्याचा धंदा. म्हणून ओळखीपाळखीचे त्याला गारगरम म्हणायचे. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेनं म्हटलं, मग तेच नाव पडलं, आणि आता तर त्याच्या व्हॅनवरही तेच रंगवलेलं होतं. बायकोला ते नाव मुळीच आवडत नसे.

धंद्यातली नवी मंडळी मोबाइलमध्ये खोलीची लांबी-रुंदी टाकतात आणि यंत्राचा आकार सांगून मोकळी होतात. हा आधी विचारी, "या खोलीत झोपतं कोण?" गिऱ्हाइकं बावचळायची. त्याचं म्हणणं असं की भिंत, खिडकी, छप्पर यांची उष्णता बाहेरून येते, पण माणूस ही आतली शेगडी. ती धरली नाही तर सगळं गणित ओमफस. पुढेपुढे त्याला सगळंच माणसांत मोजायची खोड लागली. टीव्ही म्हणजे एक माणूस, फ्रिज म्हणजे सव्वा माणूस, चालू इस्त्री म्हणजे दहा माणसांचा घोळका. बायको म्हणायची, तुमच्या हिशोबानं बघितलं तर आपल्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही.

घरात खरी माणसं तीनच होती. तो, बायको आणि बाबा. बाबांनी वेधशाळेत एकेचाळीस वर्षं निरीक्षकाचं काम केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नव्हतं. पांढरी झडपांची पेटी, तिच्यात थर्मामीटर, शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं, असा सगळा संसार आधी गच्चीवर होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयानं दगा दिला, डॉक्टरांनी जिने बंद केले, तेव्हा त्यानं ती पेटी खाली मागच्या अंगणात, बाबांच्या खिडकीसमोर आणून बसवली. रोज सकाळी साडेआठला बाबा चार पावलं चालून तिच्यापाशी जात, आकडा बघत, परत येऊन वेताच्या खुर्चीत बसत आणि वहीत पेन्सिलीनं लिहीत. एकेचाळीस अधिक नऊ, अशा पन्नास वर्षांत एक ओळ रिकामी नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. येणारा-जाणारा दुसऱ्यांदा यायचं टाळत असे.

बाबांची खोली लहान होती. त्यानं स्वतःच्या हातानं तिच्यात गरम-थंड करणारं यंत्र बसवलं होतं, आणि बाबा बटणांशी खेळतात म्हणून त्याचा आकडा दाखवणारा डबा बाहेर बोळात, दाराशेजारच्या भिंतीवर लावला होता. दुपारी दोन ते तीन बाबा यंत्र बंद करत, त्याच्या घरघरीनं झोप लागत नाही म्हणत, आणि दार लावून पडत. कुणी डोकावलेलं त्यांना खपत नसे. "मी आहे की गेलो ते बघायला येता का?" असं एकदा त्यांनी सुनेला तोंडावर विचारलं होतं. ते खरंच होतं.

मग त्यानंच युक्ती काढली. त्या खोलीत, दार-खिडकी बंद असताना, एक माणूस तासाभरात दीड अंश चढवतो. त्यानं चार-चारदा मोजून बघितलं होतं. तेव्हा दार उघडायचं कारणच नव्हतं. बायकोनं दोनला आकडा बघायचा, तीनला बघायचा. रोज तीनच्या ठोक्याला तो जिथे असेल तिथून घरी फोन करी.

"दीड?" तो विचारी.

"दीड," ती सांगे, की फोन ठेवून तो पुन्हा कामाला लागे.

२

थंडी संपत आली होती. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असे दिवस. अशातच एका संध्याकाळी तो घरी आला, तर बाहेर बोचरा वारा आणि बाबांच्या खोलीत मात्र भट्टी. यंत्र बंद होतं. बाबा बनियनवर बसून वहीनं वारा घेत होते.

त्याला आधी स्वतःचाच राग आला. लोकांची यंत्रं दुरुस्त करत हिंडायचं आणि घरचं असं. त्यानं यंत्राचं पुढचं झाकण उतरवलं, जाळी धुतली, सेन्सर काढून पुसून परत लावला. कुठे काही वावगं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अचानक ऊन तापलं, माणसं रस्त्यावर कोट हातात घेऊन चालू लागली, आणि बाबांची खोली तेव्हा गार होती. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि गारठा परतला.

त्यानं कामाच्या वेळेत यावर बरंच डोकं खाजवलं. जाड भिंत उशिरा तापते हे त्याला पाठ होतं. दुपारचं ऊन भिंतीत मुरतं आणि रात्री आत उतरतं, म्हणून तर लोक संध्याकाळी सातला फोन करून यंत्राला शिव्या घालतात. पण भिंतीला उशीर होऊ शकतो, घाई होऊ शकत नाही. कालचं ऊन आज आत येईल. उद्याचं कसं येणार?

बाबांना हे त्याच्या आधी कळलं होतं. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि वही पुढे केली. डाव्या बाजूला खोलीचा आकडा, उजव्या बाजूला अंगणातल्या पेटीचा. त्यांनी बोटानं दाखवलं: आज खोली गार, तर उद्या अंगण गार. आज खोली तापली, तर उद्या अंगण तापलं. एकोणीस दिवस. एकही चुकला नव्हता. खोली एक दिवस पुढे चालली होती.

"एकेचाळीस वर्षं मी उद्याचं हवामान सांगायला धडपडलो," बाबा म्हणाले. "निम्म्या वेळा तोंडघशी पडलो. लोकांनी छत्र्या दाखवून थट्टा केली. आणि आता ही दहा बाय दहाची खोली घरबसल्या सांगतेय. सूनबाईला बोलू नकोस. ती घाबरेल."

बाबा खुश होते. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर इतकं हसू बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं. एकोणीस दिवसांचा योगायोग म्हणजे काही फार नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि जेवायला गेला.

३

त्या मंगळवारी तीन वाजता तो एका इमारतीच्या गच्चीवर गॅस भरत होता. त्यानं सवयीनं फोन लावला.

"दीड?"

बायको म्हणाली, "दोनला एकोणीस होते. आत्ताही एकोणीसच आहेत."

"नीट बघ."

"नीटच बघतेय."

त्यानं तिला दार उघडायला सांगितलं आणि फोन चालू ठेवायला सांगितलं. तिच्या चपलांचा आवाज, मग कडीचा, मग काहीच नाही. मग लांबून बाबांचा आवाज आला, "काय गं, काय झालं?" आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच, टाकीच्या सावलीत, थोडा वेळ खाली बसला.

घरी येताना त्यानं दुसरं थर्मामीटर आणलं, गिऱ्हाइकासाठी घेतलेलं नवं कोरं. ते खोलीतल्या सेन्सरशेजारी धरलं, त्याचा आणि बोळातल्या डब्याचा आकडा तंतोतंत जुळला. मग त्यानं दार लावलं, खिडकी लावली, आणि पलंगाच्या कडेवर, बाबांच्या खुर्चीसमोर बसून राहिला. दोन माणसं, एक तास. तीन अंश चढायला हवेत. शेंबडं पोरही सांगेल की दोन माणसं बसली की खोली उबते, श्वास कोंडतो, काचेवर धुरकट थर येतो. काच स्वच्छ राहिली. हवा इतकी निवांत होती की घरमालक वर्षभर परदेशी असलेल्या घराचं कुलूप काढल्यावर लागते ती हवा त्याला आठवली. त्यानं हातावर फुंकर मारून बघितली. फुंकर गरम होती. थर्मामीटर एकोणीसवर होतं.

बाबा घोंगडी गुडघ्यावर घेऊन बसले होते.

"गंमत बघ," ते म्हणाले. "मी खोलीत बसलोय, पण खोलीला मी कळत नाहीय."

बाबांनी वही उघडली, डाव्या बाजूला एकोणीस लिहिलं, आणि पुढे, उद्या पाऊस आहे असं सांगावं त्याच सुरात म्हणाले, "उद्या ही खोली रिकामी आहे."

इतका वेळ तो जे शब्द मनात येऊ देत नव्हता, ते बाबांनी सरळ उच्चारून टाकले होते. त्यानं उठून यंत्र पूर्ण वेगानं चालू केलं आणि ते खोलीत गरम हवा ओतत राहिलं. बाबांनी कपाळावर आठी घातली, पण बंद करायला सांगितलं नाही.

४

रात्री जेवताना त्याला शहाणपण सुचलं. धंद्यातलंच शहाणपण होतं ते. खोली रिकामी असेल, एवढंच तर थर्मामीटर सांगत होतं. का रिकामी, ते थर्मामीटर सांगत नाही. मग खोली आपणच रिकामी करायची. बाबांना उद्याचा दिवस ताईकडे नेऊन ठेवायचं, की आकडाही खरा आणि बाबाही सुखरूप. त्याला हे इतकं पटलं की त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ताई त्याची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं घर. बाबांनी यावं म्हणून ती कधीची मागे लागलेलीच होती, तिला कारणही विचारायचं सुचलं नाही. बायकोला त्यानं सांगितलं की यंत्र उघडायचंय, खोलीत धूळ होईल. अडून बसले ते बाबा.

"साडेआठचं रीडिंग?" ते म्हणाले.

"मी घेईन."

"तू आकडे गोल करतोस. आठ पॉइंट चारचे साडेआठ करतोस."

"नाही करणार. आहे तसं लिहीन."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. तो काय करतोय हे त्यांना कळत होतं, हे त्यालाही कळत होतं. अखेर ते हो म्हणाले. आपल्यासाठी नव्हे, पोराचं मन राहावं म्हणून म्हणाले, हे त्याच्या लक्षात यायला पुढे दोन दिवस जावे लागले.

बुधवारी सकाळी सातला तो त्यांना व्हॅनमधून घेऊन निघाला. वही बाबांनी टेबलावर उघडी ठेवली होती, त्या दिवसाची तारीख घालून. पेन्सिल मात्र सवयीनं त्यांच्या खिशात आली. थंडी कडाक्याची होती, आदल्या दिवशी खोलीनं सांगितली तशीच. ताईच्या दारात उतरताना त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पानावर रिकामी ओळ मला बघवत नाही," ते म्हणाले.

परत निघतो तोच फोन. एका प्रसूतिगृहातलं हीटर बंद पडलं होतं, आत आठ तान्ही मुलं, आणि बाहेर ही थंडी. तो तिकडेच वळला. मुलांना एका खोलीत हलवलं होतं, आया घाबरल्या होत्या, आणि बिघाड चटकन सापडत नव्हता. यंत्र चालू होऊन पहिली गरम झुळूक आली तेव्हा एक नर्स त्याच्या पाठीवर थाप मारून गेली. त्यानं समाधानानं घड्याळ बघितलं. सव्वाअकरा झाले होते.

गेली ती ओळ. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. अंदाजानं लिहून टाकू, बाबांना कुठे कळणार, असं त्यानं ठरवलं. शेवटी माणूस महत्त्वाचा की ओळ? मग पुढच्या कामांत तेही राहून गेलं.

५

तीन वाजता त्यानं घरी फोन केला. आज विचारायचं काही कारण नव्हतं, हात आपसूक गेला होता.

"तुमचं यंत्र बिघडलंय हो," बायको म्हणाली. "खोलीत चिटपाखरू नाही आणि दीड चढलंय. दोनला एकवीस, आत्ता साडेबावीस."

"दीड? नक्की?"

"काटेकोर दीड."

तो रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्यानं हसला. शेजारच्या दुकानदारानं मान वळवून बघितलं. आज दीड म्हणजे उद्या दीड. उद्या दुपारी दोन ते तीन बाबा आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर असणार. टळलं. साधी युक्ती केली आणि टळलं. त्याला वाटलं, व्हॅन घ्यावी आणि आत्ताच त्यांना आणायला जावं, येताना त्यांच्या आवडीची बिस्किटं घ्यावीत.

तो हसत असतानाच फोन पुन्हा वाजला. ताई होती. ताई रडत नव्हती, म्हणून त्याला आधी काही वाटलं नाही. तिनं सांगितलं की जेवून बाबा दोनला पडले. परक्या खोलीत झोप येणार नाही म्हणत होते. ती तीनला चहाचं विचारायला गेली.

"दार लोटलेलं होतं," ताई म्हणाली. "तुझ्यासारखा आकडा बघायची सोय माझ्याकडे नव्हती रे."

६

पुढचं सगळं ताईच्या घरूनच झालं, आणि गुरुवारी दुपारच्या आत आटोपलंही. ताईनं एका पिशवीत बाबांचं सामान दिलं. चष्मा, घड्याळ, औषधांची डबी, स्वेटर. तो आणि बायको दीडच्या सुमारास घरी आले. बाबांच्या खोलीचं दार बंद होतं. त्यानं ते उघडलं नाही. बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

बायकोला त्यात नवल वाटलं नाही. दुःखात माणसं काहीबाही करतात. तिनं कोरी कॉफी करून त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली, कारण काहीतरी करत राहिल्याशिवाय तिलाही राहवत नव्हतं.

तो बोळात स्टूल टाकून बसला. भिंतीवरचा डबा दोनला एकवीस दाखवत होता. तो आकडा आजचा नव्हता, उद्याचा होता, हे तो विसरला नव्हता. आजचा आकडा काल येऊन गेला होता. दीड. आज, या घटकेला, या कुलूपबंद दारामागे एक माणूस बसलेलं असायला हवं होतं.

त्यानं मनाशी युक्तिवाद सुरू केला. सेन्सर बिघडलेला असेल. मग दुसरं थर्मामीटरही त्याच दिवशी बिघडलं का? भिंतीमागून गरम पाण्याचा पाइप गेला असेल. घर त्यानंच बांधून घेतलं होतं, पाइप नव्हता. आपण दोन रात्री झोपलो नाही. हे मात्र खरं होतं. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीला धरून तो बसून राहिला.

सव्वादोनच्या सुमारास आत वेत करकरला.

वेताची खुर्ची हवा बदलली की आपोआपही करकरते. हे बाबांनीच त्याला लहानपणी, तो अंधाराला भ्यायचा तेव्हा समजावलं होतं. पण ती करकर दोन टप्प्यांची होती. आधी टेकताना, मग पाठ मागे रेलताना. त्यानं ती हजारदा ऐकली होती. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली, त्याच्याकडे आणि कुलपाकडे बघून, काहीच न विचारता परत गेली. थोड्या वेळानं नळ पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

तीनला डब्यावर चोवीस होते. तीन अंश.

त्यानं ते बोटांवर मोजलं, जणू मोजण्यात काही अवघड होतं. तीन म्हणजे दोन माणसं. आज एक. उद्या दोन. आणि घरात आता तो आणि बायको, एवढीच माणसं उरली होती.

बायकोला ताईकडे पाठवावं, असं पहिल्याच झटक्याला त्याच्या मनात आलं, आणि तिथेच त्यानं कानाला खडा लावला. ही युक्ती त्यानं एकदा केली होती. दुसरं माणूस कोण ते खोली सांगत नव्हती. तेव्हा दुसरं माणूस कोण, हे निदान आपण ठरवायचं.

७

शुक्रवारी दोनला त्यानं बायकोला सांगितलं की तो जरा बाबांच्या खोलीत बसतो. तिला ते बरंच वाटलं. परवापासून तो रडला नव्हता, याची तिला काळजी होती. दार लावू नका, एवढंच ती म्हणाली.

"लावायला लागेल," तो म्हणाला. "तू मात्र तीनला आकडा बघ. दाराबाहेरूनच सांग."

"आता कशाला तो आकडा?"

"शेवटचा. सवय आहे."

त्यानं कुलूप काढलं, आत गेला आणि कडी लावली. खोली नीटनेटकी होती. पलंगावरची चादर ताणलेली, घोंगडी खुर्चीच्या हातावर घडी केलेली. टेबलावर वही उघडी होती. त्यानं वाकून बघितलं.

बुधवारची ओळ भरलेली होती. आठ पॉइंट चार. खाली गुरुवारची. त्याखाली आजची, शुक्रवार, सकाळी साडेआठ. चारचा आकडा वरून उघडा आणि शेपूट लांब, बाबा काढत तसा. आपणच कधी झोपेत येऊन लिहिलं असेल का, असं त्यानं स्वतःला विचारलं. बायकोनं दया येऊन लिहिलं असेल का? पण किल्ली त्याच्या खिशात होती, आणि टेबलावर, खणात, खाली कुठेच पेन्सिल नव्हती. ताईच्या पिशवीतही पेन्सिल नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

तो पलंगाच्या कडेवर खिडकीकडे तोंड करून बसला. खुर्ची पाठीमागे आली. मुद्दाम तसाच बसला, समोरून बघायची त्याची छाती नव्हती.

बाहेर लख्ख ऊन होतं. काचेतून अंगण दिसत होतं, पांढरी पेटी, पावसाचं नळकांडं. बराच वेळ काही झालं नाही. मग मानेला ऊब लागली. यंत्राची झुळूक येते तशी नव्हे, रांगेत आपल्या मागे कुणी उभं राहिलं की न बघताही जाणवते, तशी. वेत करकरला. दोन टप्प्यांत. काचेच्या खालच्या कोपऱ्यात धुरकट थर धरू लागला होता, तो थर उद्याचा असेल, पण त्या खोलीत आत्ता दोन माणसं होती.

त्याला भीती वाटत होती. पण भीतीहून जास्त शरम वाटत होती. त्यांना नको असताना हलवलं. शेवटचा दिवस परक्या छताखाली घालवायला लावला. एक ओळ लिहीन म्हणून शब्द दिला आणि तेवढंही झालं नाही. हे सगळं बोलून टाकावं असं त्याला वाटत होतं, पण तोंड उघडलं की रडू येईल म्हणून तो दात आवळून बसला होता.

ऊन एकदम गेलं. ढग आला असावा. काच काळवंडली आणि अंगणाऐवजी तिच्यात खोली दिसू लागली: त्याचा स्वतःचा चेहरा, खांदा, आणि खांद्यामागे गुडघ्यावरून पसरलेली घोंगडी. घोंगडीवर एक हात होता. बोटांत आखूड पेन्सिल होती. ती हलत होती. मनगटाच्या वर काय होतं ते बघायला त्याला नुसती मान जराशी तिरकी करावी लागली असती. त्यानं ती केली नाही. ऊन परत आलं, आणि पुन्हा अंगण दिसू लागलं. पेन्सिलीची खरखर मात्र थांबली नव्हती.

बाहेर चपला वाजल्या. तीन झाले होते.

"अहो," बायको दाराबाहेरून म्हणाली. तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी मोकळेपणा होता. "सुधारलं बघा तुमचं यंत्र. दोनला वीस होते, आता साडेएकवीस. दीड. बरोबर आहे ना? तुम्ही एकटेच आहात आत. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका. बाहेर या."

तो हलला नाही. दीड. हा आकडा उद्याचा होता, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. उद्या दुपारी या खोलीत एकच माणूस. कुठलं, ते थर्मामीटरला सांगता येत नाही. ते ऊब मोजतं, ऊब कुणाची हे बघत नाही. हे त्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितलं होतं.

"आलो," असं त्याला बायकोला सांगायचं होतं. पण त्याच्या तोंडून वेगळंच निघालं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

"बाबा," मान न वळवता त्यानं हळूच विचारलं, "उद्याचं रीडिंग कोण घेणार?"

मागे पेन्सिल थांबली.